त्रेसष्ट नंबरचा कागद

तुम्ही दोघं ही फाईल कधीतरी उघडाल, तेव्हा बासष्टनंतर एकदम चौसष्ट नंबरचा कागद लागेल. त्रेसष्ट सापडणार नाही. तो हरवलेला नाही, कसरीने खाल्लेला नाही, आणि तुमच्या आजीची मोजणीही चुकलेली नाही. मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा मी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवते, हे तुमच्या बाबाने तुम्हाला हसत हसत सांगितलंच असेल. अशा बाईच्या फाईलमधला एक नंबर गळलेला दिसला, तर म्हातारपणी डोकं गेलं होतं असं कोणालाही वाटेल. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

फाईल म्हणजे खरं तर दोन पुठ्ठे आणि मधे एकशे चार नंबरापर्यंतचे जाड कागद. पहिले बासष्ट एकाच रानातले, चौसष्टपासूनचे नंतर जमवलेले. प्रत्येक कागदावर वाळवून चपटं केलेलं एक झाड. पान, फूल, जमलं तर मूळ. खाली उजव्या कोपऱ्यात माझी चिठ्ठी: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, उपयोग. या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी नाडी सोडली, तेव्हा आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि त्याच्या मागून मोहाचा. मोहाचं फूल दाबून वाळवता येत नाही. ते रसाने भरलेलं असतं, कागदाला चिकटतं, मनुक्यासारखं काळं होतं. तरी मी हट्टाने ठेवलं होतं. फूल राहिलं नाही. कागदावर तपकिरी डाग राहिला आणि तो वास राहिला.

त्या वासाबरोबर ते गाव आलं.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूरपासून, वेगळा झाला होता. धानोऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपून मुरमाचा सुरू होतो तिथे एक आश्रमशाळा होती, आणि तिथे मी विज्ञान शिकवायला गेले. माझं वय सत्तावीस. माझ्या बाबांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा थेट इंग्रजी शाळेत नेऊन बसवलं. ते रेल्वेत होते. "विचारून घे, पटलं तरच मान," हे ते जेवताना, चालताना, माझी वेणी घालतानासुद्धा सांगायचे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी त्या रानात उतरले, तेव्हा माझ्याकडे दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत जुनी वर्तमानपत्रं.

तुमचे आजोबा गडचिरोलीला नोकरीत होते. शनिवारी एस.टी.ने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मधल्या दिवसांत मी शाळा सुटली की रान वेचायची आणि खोलीच्या ओसरीवर वर्तमानपत्रांत झाडं दाबायची. वर पाटा, पाट्यावर वरवंटा.

एका संध्याकाळी कुंपणापलीकडून आवाज आला.

"कोन्या बकरीसाठी वो एवढा चारा वाळवून राह्यली, मॅडम?"

पन्नाशीची, सडसडीत, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातावर गोंदण. ती मैनाबाई. गोंडाची, गावाची सुईण. तिचं घर शाळेच्या कुंपणाला लागून होतं.

"बकरीसाठी नाही बाई. अभ्यासासाठी."

"मंग बकरीच बरी. खाते अन् दूध तं देते."

ती कुंपणातली काटी सरकवून आत आली, उकिडवी बसली आणि माझे कागद एकेक करून उलटू लागली. सहाव्या कागदावर थांबली. "हे काऊन उलटं ठेवलं?" मी म्हटलं, पानाची मागची बाजू दिसावी म्हणून. तिने मान हलवली. मागची बाजू पाहणारी माणसं तिला पसंत असावीत. दुसऱ्या रविवारी ती मला रानात घेऊन गेली, आणि पुढची तीन वर्षं नेत राहिली.

माझ्या चिठ्ठ्यांमधला 'उपयोग' हा रकाना सगळा तिचा आहे. तिथे माझं असं काही नाही.

मार्चात पळस पेटलेला असायचा, पण मैनाबाई फुलांकडे बघायची नाही. ती मुळाशी बसून माती उकरायची. पळसाच्या मुळाची साल ठेचून वाक काढायचा, वाकाचा दोर वळायचा. त्या दोराने बैल बांधलेला आणि पाळणा टांगलेला मी पाहिला. पानांच्या पत्रावळी. लग्नाच्या आधी आठ दिवस बायका अंगणात बसून पत्रावळी लावत, आणि हिरव्या पानाचा तो तुरट, ओलसर वास गावभर असायचा. मांडवावर जांभळाचे डहाळे. बाळंतिणीच्या दाराला वेगळी पानं, मयत निघालेल्या दाराला वेगळी. माझ्या पुस्तकांत झाडं कुळाप्रमाणे लावलेली होती. तिच्या डोक्यात ती माणसाच्या आयुष्याप्रमाणे लावलेली होती: हे जन्मलेल्याचं, हे नवरीचं, हे तापाचं, हे मेल्याचं.

मग मोह. झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जमीन स्वच्छ केलेली असायची. पहाटे टोपल्या घेऊन बायका झाडाखाली, आणि वरून एकेक फूल पडत असायचं. टप् असा मऊ, जड आवाज. कोणी बोलत नसे. बोललं तर आवाज कुठून आला ते कळत नाही, असं मैनाबाई सांगायची. आजही कधी पहाटे जाग आली, की मी अंथरुणात पडून त्या आवाजाची वाट पाहते. नागपुरात खिडकीखाली मोहाचं झाड नाही, हे नंतर आठवतं.

पावसाळ्यात वारुळांवर सात्या, म्हणजे अळंब्या, उगवायच्या, पांढऱ्या छत्र्यांसारख्या. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना तिकडे वास्ते म्हणतात, चिरून पाण्यात आंबत ठेवलेले. तो वास पहिल्या वर्षी मला सहन झाला नाही आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याशिवाय पावसाळा वाटेना. कुड्याच्या फुलांची भाजी, तरोट्याची भाजी. चुलीतल्या धावड्याच्या लाकडाचा धूर. आणि मैनाबाईचं हसणं. ती हसताना तोंडावर पदर घ्यायची, पण डोळे झाकायची नाही.

एकदा गवतातून चालताना तिने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"पाह्य! भुलनवेल हाये तिथी. पाय पडला तं घरची वाट भुलते मानूस."

मी लगेच वही काढली. "कुठे? कोणती? दाखवा."

"दिसली असती तं कोन पाय ठेवला असता वो?" ती म्हणाली आणि हसत सुटली. भुलनवेलीचा कागद माझ्या संग्रहात नाही. तिची मला चिठ्ठी करता आली नाही.

चिठ्ठ्यांची तिला गंमत वाटायची. "नाव लिवल्यानं झाड वळखू येते का? हात लावून पाह्य." आणि ती माझं बोट धरून पानावर ठेवायची. मी बोट काढून घ्यायची आणि लिहायची: पाने एकाआड एक, कडा दंतुर.

तुमचा बाबा जन्मला तो श्रावण होता. तारखेला अजून पंधरा दिवस होते. नाल्याला पूर आला, गडचिरोलीचा रस्ता बंद झाला, आजोबा पलीकडे अडकले. मैनाबाईनेच बाळंतपण केलं. बाळ लहान होतं पण धड होतं. दूध मात्र येईना. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. दुधाच्या पावडरचा डबा पुराच्या पलीकडच्या दुकानात होता. बाळाचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं, मग त्यात नुसती तक्रार राहिली. आई-बाप झालात की कळेल तुम्हाला, त्या बारीक आवाजासारखा दुसरा आवाज जगात नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मैनाबाईने मूठभर तांदूळ मागून घेतले, हळद लावली आणि नाल्याच्या दिशेने गेली. मी विचारलं, कुठे?

"बलावणं द्याले. न बलावता नेलं तं नुसतंच मूळ येते."

सकाळी ती ओल्या पायांनी परत आली. पदरात एक लहानसं मूळ होतं. तिने ते सहाणेवर उगाळलं आणि गरम पेजेत कालवून मला पाजलं. कडवट, मातकट, शेवटी थोडं गोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या संध्याकाळी माझं पोलकं भिजलं. दूध मुळीने आलं, की पेजेने, की एरवीही ते येणारच होतं, हे शास्त्राची विद्यार्थिनी असून मला सांगता येत नाही. दूध आलं आणि बाळाने तोंड लावलं, एवढंच मी पाहिलं. तुम्ही दोघं त्या दुधाच्या पुढची माणसं आहात.

त्याच श्रावणात मैनाबाईची लेक शुकरी माहेरी बाळंत झाली होती. तेव्हा तिचं वय वीस असेल. मुलगी झाली, नऊ दिवस होती आणि गेली. कुंपणापलीकडून आलेलं त्या दिवशीचं रडणं मी लिहीत नाही. दोन दिवसांनी माझं बाळ भुकेने रडलं, तर शुकरी दारात येऊन उभी राहिली. बाळ रडत होतं आणि तिच्या पोलक्यावर ओल पसरत होती. ती खाली बघत होती, जणू ते दुसऱ्याच कोणाचं अंग होतं. मी पदर ओढला आणि बाळाला घेऊन आत गेले. का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मैनाबाई पुन्हा तांदूळ घेऊन नाल्याकडे गेली. सकाळी तिने पुन्हा एक मूळ उगाळलं. हे लेकीचं दूध आटवण्यासाठी होतं.

दोन्ही वेल एकाच झुडपावर चढलेले होते, हे मला पुढे कळलं.

दिवाळीनंतर आमची नागपूरला बदली ठरली. मैनाबाईला खोकला लागला होता. बोलता बोलता ती थांबायची आणि छातीवर हात ठेवायची. मी तिच्या ओट्यावर बसून म्हटलं, "ते दुधाचं मूळ मला सांगा. मी लिहून ठेवते. लिहिलं की राहतं."

"लिवलेलं कोनीबी वाचते. हे एकीलेच द्याचं अस्ते. माह्या मायनं मले देल्लं. देल्लं का देनारीचा हात उतरला. मंग तिनं नाई लावाचा."

"मग शुकरीला द्या."

शुकरी पलीकडे अंगणात भात कांडत होती. मैनाबाईने आवाज खाली आणला नाही.

"तिची ओटी रिकामी हाये. रिकाम्या ओटीत हे टिकत नाई. आमच्या घरची रीत हाये."

मुसळ थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

मी बाबांची मुलगी. अशा वेळी मी म्हणायला हवं होतं, ही रीत कसली बाई, ही तुमची लेक आहे, तिचं दुःख कमी आहे का? मी एकदा "पण" म्हटलं, आणि पुढे काही म्हटलं नाही. कारण मला ते हवं होतं. बासष्ट कागद झाले होते आणि, भुलनवेल सोडली तर, तिच्या रानातलं हे एकच झाड माझ्याकडे नव्हतं.

मैनाबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुया ओटीत लेकरू हाये. तू ठेव. शुकरीची ओटी भरली का तिले आनून देजो. तिचंच हाये ते. तुयाकडे ठेवाले देऊन राह्यली."

"हो," मी म्हटलं.

"लिवशील?"

"नाही लिहिणार."

संध्याकाळी आम्ही दोघींनी नाल्याकाठी जाऊन त्या झुडपाखाली पळसाच्या पानावर हळदीचे तांदूळ ठेवले. मैनाबाई वाकून म्हणाली, "सकाळी येतो वो माय, लेकरासाठी न्याले. तयार राह्यजो." पाहुणीला सांगावं तसं. सकाळी ऊन यायच्या आधी, म्हणजे आपली सावली वेलावर पडायच्या आधी, आम्ही अनवाणी गेलो. दवाने पाय बधिर झाले होते. झुडपावर दोन वेल होते, आणि माझ्या डोळ्यांना ते दोन दिसेनात. तेच पान, तोच देठ, तोच पोपटी रंग. फूल एकालाही नव्हतं. फुलाशिवाय मला ओळख पटत नाही.

"दोघी बहिनी," मैनाबाई म्हणाली. "एक दूध आनते. एक दूध आटवते. डोयानं नाई कळत."

तिने माझा अंगठा धरला आणि एका पानाच्या पाठीवरून ओढत नेला. मग दुसऱ्या पानाच्या. आणि कोणती कोण ते सांगितलं. एक खरखरीत होती, एक नव्हती. एवढं आजही माझ्या अंगठ्यात आहे.

"ध्यानात राह्यलं?"

"राहिलं."

तिने माझा हात सोडला आणि स्वतःचा पदरात गुंडाळून घेतला. त्यानंतर त्या वेलाला तिने हात लावला नाही.

निघताना ती पुढे होती. मी मागच्या मागे एक डहाळी खुडली आणि निऱ्यांत लपवली. मनाशी म्हटलं, लिहिणार नाही असं कबूल केलंय, ठेवणार नाही असं नाही. खोलीवर जाऊन कागदात दाबली. नंबर टाकला त्रेसष्ट. चिठ्ठी चिकटवली आणि सगळे रकाने कोरे सोडले. माझा शब्द मोडला नाही याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. अशा समाधानांची मला आता लाज वाटते.

दोन पावसाळे गेले आणि आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांचं कार्ड नागपूरला आलं. मैनाबाई वारली. त्याच कार्डाच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, लिहिलं होतं: शुकरीला मुलगा झाला, ती घरच्यांसह आईच्याच घरी राहते. तेव्हा मला सगळं आठवत होतं. एस.टी.ने एका दिवसाचं अंतर होतं. तुमचा बाबा लहान होता, शाळेत परीक्षा होत्या, उन्हाळ्यात जाऊ म्हटलं. उन्हाळ्यात आणखी काही होतं. तुम्ही शोधाल तर मोठं कारण एकही सापडणार नाही.

माझं डोकं कागदावर टांगलेलं आहे, हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. जे लिहिते ते राहतं. मैनाबाईच्या हाताला दर पावसाळ्यात तो वेल लागत होता, म्हणून तिला लिहायची गरज नव्हती. माझ्या हाताला खडू लागत होता. एके दिवशी बसमध्ये खिडकीशी बसले असताना सहज मनात उजळणी केली: खरखरीत ती दूध आणणारी. मग वाटलं, की आटवणारी? बस पुलावरून गेली, उतरायची जागा आली, मी उतरले. विसरल्याचा असा दिवस कोणी टिपून ठेवत नाही. मी तरी ठेवला नाही.

घरी जाऊन त्रेसष्ट नंबर काढून पाहिला. दाबलेलं पान कोरडं आणि सपाट होतं. त्यावर अंगठा फिरवला तर नुसता कागद लागत होता. आणि ती दोघींपैकी कोणाची डहाळी, हे मी खुडतानाच पाहिलं नव्हतं.

आजोबा गेल्यावर घर आवरायला काढलं, आणि फाईल निघाली. या माघात मी एकटीच गेले. त्रेसष्ट नंबर पिशवीत होता. मुरमाचा रस्ता आता डांबरी आणि रुंद आहे. शाळेला पक्की भिंत आहे. नाल्यावर पूल झालाय आणि पुलाच्या खांबाखाली ते झुडूप नाही. मोहाची झाडं तेवढी उभी आहेत. ती कोणी तोडत नाही.

शुकरी दारात तांदूळ पाखडत होती. केस सगळे पांढरे. सूप हातातच राहिलं. तिने मला पाहिलं आणि उठली नाही.

"लय उशीर केला वो, मॅडम."

तिने खुर्ची दिली, कोरा चहा दिला, तुमच्या बाबाची चौकशी केली. "तो तं म्हतारा झाला असन आता," म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. अगदी तिच्या आईसारखी, डोळे न झाकता. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"माय गेली तवा म्हने, मॅडम येईन, तुयं तुले देईन. मले चार पोरं झाले. चारीच्या वेळी सडकेकडे पाह्यलं म्या."

मी विचारलं, "दूध आलं होतं ना?"

"दोघाले आलं. दोघाले गायीचं पाजलं. जगले जी. तुमच्या भरोशावर थोडी बसून राह्यली होती?" तिने सूप झटकलं. "चाला, दाखवतो."

घरामागच्या कुंपणावर ते दोन वेल होते. सडक रुंद करायला आले, तेव्हा तिने झुडपाखालची माती खणून दोन्ही मुळं आणून लावली होती.

"दोघी बी आनल्या. कोनती कोनती ते तुमाले म्हाईत हाये म्हनून. लावूनच ठेवल्या नुसत्या. हात लावला नाई."

संध्याकाळी तिने पळसाच्या पानावर तांदूळ घेतले, हळद लावली आणि कुंपणापाशी ठेवले. एक पान एकीपाशी, एक दुसरीपाशी. "सकाळी येतो वो माय," ती म्हणाली, आणि बाजूला सरून मला जागा दिली. मीही म्हटलं. बाबा असते तर काय म्हणाले असते ते माहीत नाही. मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं. मला आशा होती. डोकं विसरतं, पण अंगठा विसरणार नाही, तेच पान, तीच वेळ, तेच दव लागलं की आठवेल, असं मी रात्री चटईवर पडून स्वतःला सांगत होते. तिने माझ्या उशाशी मोहाची फुलं घातलेल्या लाडवांचं गाठोडं ठेवलं होतं, तुमच्या बाबासाठी.

उजाडता आम्ही अनवाणी गेलो. शुकरीने माझा अंगठा धरला नाही; आता मी तिचा धरायचा होता. मी आधी स्वतः पाहिलं. एक पान. मग दुसरं. माझ्या बोटांना साखरेच्या दुखण्याने आता मुंग्या असतात, गरम-गार नीट कळत नाही. मी पुन्हा पाहिलं. दोन्ही पानं मला सारखी लागली. डाव्या हाताने पाहिलं. डाव्या अंगठ्याला एक खरखरीत वाटलं, आणि मग लक्षात आलं की वाटलं तरी काय उपयोग. खरखरीत म्हणजे कोण, तेच माझ्याजवळ नव्हतं.

शुकरी हात पुढे करून उभी होती.

"मॅडम?"

"मला आठवत नाही, शुकरी. तुझ्या आईने सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, आणि विसरले."

तिने हात लगेच मागे घेतला नाही. ऊन कौलांवर आलं होतं, आमच्या सावल्या लांब होऊन वेलांवर पडल्या. मग तिने हात खाली घेतला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "भुलनवेलीवर पाय पडला तुमचा."

ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही. पितळी गुंडातलं पाणी तिने एका मुळाशी ओतलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडे सारखं.

"आता कसं करशील?" मी विचारलं.

"काय करतो? बलावतो दोघीले, जेवाले घालतो. आपलं कोनतं अडलं हाये?" तिने एका पानाची पाठ स्वतःच्या अंगठ्याने पाहिली. खूप हलक्या हाताने, एकदाच. "त्या वर्साले मायनं मले यातलीच एक पाजली होती. तुमाले एक, मले एक."

मी पिशवीतून त्रेसष्ट नंबर काढला आणि तिला दिला. चोरून आणलेली डहाळी आहे, हेही सांगितलं. तिने कागद दोन्ही हातांनी धरला. पानाला बोट लावलं तर कोपरा तुटून पडला. तो तिने उचलला आणि परत पानापाशी ठेवला.

"ही कोनती?"

"तेही माहीत नाही."

"अन् इथी काय लिवलं हाये?" तिचं बोट चिठ्ठीवर होतं.

"काहीच नाही. आईने लिहू नको म्हटलं होतं."

तिने कागद उजेडाकडे धरला. चिठ्ठीचे पाचही कोरे रकाने वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिले. शुकरी शाळेत कधी गेली नव्हती.

"मंग हे मले वाचता येते," ती म्हणाली, आणि कागद आत नेऊन लोखंडी पेटीत, राशनकार्डाखाली ठेवला.

दहाच्या गाडीला वेळ होता. तिने मला निघेपर्यंत तांदूळ पाखडायला बसवलं.

म्हणून फाईलच्या शेवटी जी यादी आहे, तिच्यात त्रेसष्टसमोर मी 'शुकरीकडे' एवढंच लिहिलं आहे. तुम्ही कधी ही फाईल नीट लावायला घेतलीत, तर नंबर बदलू नका. बासष्टनंतर चौसष्टच येऊ द्या.